ल दाबून धरायचा

युगंधा मळीक, नववी ब.
फोन तिला मलिक म्हणतो.
गुळेलीचं गुलेली करतो, वाळपईचं वालपई,
आणि बापाच्या कुळागराचं असं काहीतरी
जिथे एक पोफळ रुजणार नाही.
मी बोटानेच, स्क्रीनवर,
एकेकाला लाल गोल काढत गेले.

निबंध आला तेव्हा रात्रीचे दोन सत्तेचाळीस.
वेळ तिथेच होती, कोपऱ्यात, राखाडी, बारीक.
मी शुद्धलेखन बघत होते.

शेवटी शेवटी कंटाळून ती
रोमन अक्षरांत उतरली होती:
mala ratri kal yete.
मी खाली शेरा लिहिला,
वाक्य जुळत नाही. काल हा भूतकाळ, येते वर्तमान.
एक काय ते ठरव.
दहापैकी चार.

तीन दिवसांनी बाटली भरायच्या निमित्ताने
स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.
म्हणाली, टीचर, म्हाका न्हीद येना.
कोकणीत म्हणाली.
मराठीत सांगितलं असतं तर मी वाक्य तपासलं असतं,
हे तिला ठाऊक होतं.

तेव्हा कुठे मला वाचता आलं.
काल नव्हे.
कळ.

वाचन स्पर्धेचा व्हिडिओ मीच काढला होता,
वर्गाच्या ग्रुपवर मीच टाकला, खाली दोन फुलं.
'निःस्तब्ध'पाशी ती अडली होती, तीनदा.
कुणीतरी तेवढंच कापून घेतलं.
निः निः निः
मधल्या सुट्टीत खिशाखिशांतून वाजायचं,
कदंबाच्या मागच्या सीटवर,
एकाने तर पोदेराच्या भोंग्यावर बसवलं.
मी ऐकलं होतं.
मला वाटलं, नवं गाणं असेल.

'सर्वांसाठी हटवा' असं एक बटण असतं.
फोन म्हणाला, आता उशीर झाला.

शुक्रवारी फळ्यावर तीन अक्षरं काढली, k, a, l.
वाचा.
काल, म्हणाली पहिल्या बाकावरची.
काळ.
कल, टीचर, हिंदीत, उद्यासुद्धा तोच! हशा.
मग जरा वेळ कुणीच नाही.
कळ, म्हणाला साईराज, म्हणजे बटण.
कीबोर्डला कळफलक म्हणतात, तुम्हीच सांगितलेलं.
आणखी?
त्याने बाकाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडला.
पोटात येते ती.
ते निः त्याच्याच फोनवरून निघालं होतं.
मला माहीत होतं. वर्गालाही.
मी दुसरं काही विचारलं नाही.
घंटा झाली, फळा तसाच राहिला,
पुढच्या तासाला गणिताच्या सरांनी पुसला.

इथे संपलं असतं तर बरं होतं.
व्हिडिओ अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असणार.
ती अजून उशिरा झोपते, डोळ्यांखाली दिसतं.
मी नऊ वाजता ग्रुप बंद करते,
आणि साडेअकराला स्वतःच उघडून बघते
कोण जागं आहे.

काल, खरोखरच्या काल, ती माझ्या टेबलापाशी आली.
टीचर, तुमच्या सूचनांत रोज 'वेलेवर या' असतं.
सगळी हसतात.
मी फोन पुढे केला.
तिने माझा अंगठा धरून अक्षरावर ठेवला.
ल दाबून धरायचा.
लगेच सोडायचं नाही.
थोडं थांबलं की वर ळ येतो.

धरला. थांबले.
व्हरांड्यात कुणीतरी धावत गेलं, परत आलं.
आला.

मळीक, मी लिहिलं.
फोनने त्याच्याखाली लाल रेघ ओढली.
आम्ही दोघींनी ती बघितली,
आणि तशीच ठेवली.